पहारा नावाची दोन मशिनं

मामांनी मला या हॉस्पिटलात चिकटवलं, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत पहिलाच धडा दिला, "नावावर जाऊ नकोस. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मशीनचा पत्ता बघ, मगच हात लाव." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

वॉर्डातल्या रुग्णांचे ठोके ज्या मशीनवरून नर्सच्या टेबलापर्यंत जात, त्याचं नाव 'पहारा'. ते जुनं झालं म्हणून मामांनी त्याची हुबेहूब नक्कल नव्या मशीनवर उतरवली. नकलेबरोबर नावही तेच आलं. बदलू, बदलू म्हणता राहून गेलं, कारण त्याच आठवड्यात मामी आजारी पडली आणि आमच्याच वॉर्डात, चार नंबरच्या खोलीत दाखल झाली. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालणारी ती मामी.

मंगळवारी सकाळी मामांनी तिच्या उशाशी बसून फोन केला. "जुन्या पहाऱ्याचं नेटवर्क कार्ड बंद कर. पत्त्याच्या शेवटी एकेचाळीस आहे ते. बेचाळीस नवं, त्याला हात लावू नकोस. मी खाली औषधं आणायला चाललोय."

एवढा लांबलचक पत्ता टाइप करायचा मला कंटाळा आला. मी नाव टाकलं. पडद्यावर 'पहारा' आलं, मी कार्ड बंद केलं आणि जोडणी तुटली. ती तुटणारच होती, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. काम फत्ते समजून मी निवांत चहा घेतला. पण ते नाव आता नव्या मशीनकडे नेत होतं, आणि वॉर्डातले ठोकेही आता त्याच्यावरूनच जात होते.

नर्सच्या टेबलावर मामीचे शेवटचे चांगले आकडे तसेच थिजून राहिले. मामा औषधं घेऊन वर आले, तेव्हा ती गेलेली होती.

चौथ्या दिवशी मामा नवं मशीन कसं बंद पडलं याचा अहवाल लिहायला बसले. मशीनच्या नोंदीत नुसतं नाव उमटलं होतं, आणि नाव दोघांचंही एकच. मामांची दाढी वाढली होती.

"त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं गं," ते म्हणाले. "मी तुला एकेचाळीसच सांगितलं ना?"

नोकरी जायची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही की, हा माणूस पुन्हा माझं तोंड बघणार नाही. माझी जीभ झडायला हवी होती.

"बेचाळीस म्हणालात, मामा."

मग "तुझा काय दोष यात" म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि लिहायला घेतलं.