आमच्या कुलूपबाई

माझ्या सुनेला मी कुलूपबाई म्हणते, आणि अगदी तोंडावर म्हणते. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिच्याबरोबर एक लॅपटॉप आला आणि लॅपटॉपबरोबर एक साखळी. जेवणाच्या टेबलावर कामाला बसली की साखळी टेबलाच्या पायाला अडकवायची. मी म्हटलं, "अगं, घरात आपण तीन माणसं. चोरणार कोण, मी?" तर हसून म्हणाली, "आई, सवय घरापासूनच लागते." पाणी प्यायला उठली तरी स्क्रीन बंद. पासवर्ड तर असा लांबलचक, की तो टाकून होईपर्यंत माझा चहा गार. मुलगा चिडवायचा, "हिने आत खजिना पुरलाय."

बरं, होतंही तसंच. सून एका संस्थेत समुपदेशक आहे. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन ज्या बायका शेवटी घर सोडतात, त्यांना ती सावरते. त्या आता कुठे राहतात, पोरं कुठल्या शाळेत जातात, सगळं त्या लॅपटॉपात. त्यातल्या एकीचा नवरा तर संस्थेच्या दारात येऊन ओरडून गेला होता, कुठेही लपू दे, शोधून काढीन म्हणून. मेला!

त्या दिवशी ती मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. माझ्या डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं सगळं धूसर. ती शेजारच्या खुर्चीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. बाहेर असली की संस्थेच्या फाइलींना ती हात लावत नाही. स्वतःचा प्रबंध लिहीत होती. साखळी होती पिशवीत. मांडीला काय बांधणार?

एकदम खुर्ची करकरली, ती "अहो!" म्हणून किंचाळली आणि कुणीतरी माझ्या पायावर पाय देऊन जिन्याकडे पळालं. सून मागे धावली. मी बसल्या जागेवरून जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या घातल्या. तर ही परत आली रिकाम्या हातांनी. माणूस मोटारसायकलवरून पसार. आणि लॅपटॉप उघडा, पासवर्ड टाकलेला, चालू!

तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण माझा हात धरला तेव्हा तिची बोटं गार पडली होती. तरी दुसऱ्या हाताने फोन काढलाच. मुलगा खाली औषधाच्या दुकानात होता, तो धापा टाकत वर आला आणि तिच्या फोनमध्ये डोकावला. लॅपटॉपला स्वतःचं सिम आहे म्हणे, त्यामुळे तो कुठे चाललाय ते नकाशावर दिसत होतं.

"हा बघ, पुलाकडे निघालाय! चल, गाडी काढतो. पोलिसांना वाटेत फोन करू."

"थांब. आधी सगळं पुसते."

"वेडी आहेस का? पुसलंस की हा ठिपकाही गेला. मग लॅपटॉप विसरायचा. नुसतं लॉक कर ना!"

"लॉक केलंच. पण जाणकार माणूस कुलूप फोडतो रे. आत काही उरलंच नाही, तर फोडून करणार काय?"

"आणि तुझा प्रबंध?"

तेव्हा मात्र तिचं बोट बटणावरच अडलं. संस्थेच्या फाइलींची प्रत ती रोज काम संपलं की काढायची आणि संस्थेच्या तिजोरीत ठेवायची, त्यात कधी खाडा नाही. स्वतःच्या लिखाणाचं मात्र, करू उद्या. जगाला कुलपं लावणारी ही बाई, पण शेवटची दोन प्रकरणं त्या एकाच ठिकाणी! अख्खा उन्हाळा घासून लिहिलेली.

मलाच राहवेना. म्हटलं, "दोन मिनिटं दम धर की गं. सापडेलही."

"तेवढ्यात त्याने एक पत्ता वाचला तर, आई?"

आणि दाबलं तिने बटण. ठिपका थोडा वेळ दिसला आणि गेला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली. आत माझं नाव पुकारत होते, कुणाचं लक्षच नव्हतं.

मला वाटलं, संपलं प्रकरण. पण पोलीस झाले, संस्थेत सांगून झालं, आणि घरी आल्यावर ही एकेका बाईला फोन लावायला बसली. मुलगा वैतागला. "पुसलंस ना? मग त्या बिचाऱ्यांच्या जिवाला घोर कशाला लावतेस? उलट तुझ्यावरच शेकेल."

"लॉक होईपर्यंत तो उघडाच होता. तिथेच राहायचं की हलायचं, हे त्यांनी ठरवायचं. मी नाही."

मी शेजारी भाजी निवडत ऐकत होते. प्रत्येकीला तेच, सरळ. चूक माझ्या हातून झाली. कुणी पाहिलं का, मला सांगता येणार नाही. हलायचं असेल तर संस्था गाडी पाठवते. एक रडली, एकीने उलट हिचीच समजूत घातली. आणि जिचा नवरा दारात येऊन ओरडला होता, तिने सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्द न बोलता फोन ठेवला. सून फोन खाली ठेवत म्हणाली, "गेला, आई. कसाबसा बसलेला विश्वास होता तिचा."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढी शिकलेली, एवढी सावध, आणि लपवायची वेळ आली तेव्हा एवढी सरळ. माझ्या पोटची असती तरी याहून जास्त अभिमान वाटला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच बाईचा फोन आला. सून ताडकन उठून बसली.

"हलवलंत बिऱ्हाड? बरं केलंत. नाही, मला नका सांगू पत्ता... अहो, माझ्याच हातून तर..." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. सुनेचे डोळे भरून आले. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण लिहून घेत नाही. पाठ करते. सांगा."

ती एकेक शब्द पुटपुटायला लागली तशी मी भाजीचं ताट उचललं, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. मुलगा आत जायला निघाला होता. म्हटलं, "थांब जरा इथेच. तिचं काम चाललंय."