कॅप्टनांच्या अक्षरातली सहा पाने

मी एक जुनी सह्यांची वही आहे, मित्रांनो. तळहाताएवढी, आडवी, निळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याची. माझी काही पाने फुगली आहेत आणि एका कोपऱ्याला कसर लागून नक्षी झाली आहे. मला कोणी चुकून रद्दीत टाकले तर मी त्याला दोष देणार नाही. पण त्याआधी माझे ऐका, कारण माझ्या पोटात जे आहे ते दुसऱ्या कोणत्याही वहीच्या पोटात नाही.

माझा जन्म एका बाइंडरच्या दुकानात झाला. मोठाली रजिस्टरे कापून झाली की रंगीत कागदाच्या पट्ट्या उरत. गुलाबी, पिवळ्या, फिकट हिरव्या. बाइंडर म्हातारा होता आणि त्याचा जीव त्या पट्ट्यांत अडकलेला असे. एके दुपारी त्याने त्या जुळवल्या, शिवल्या, सरस लावून लाकडी दाबाखाली ठेवल्या. तो दाब मला अजून आठवतो. त्याखालून मी सुटले ती एकदम सरळ पाठीची होऊन.

कित्येक महिने मी दुकानाच्या काचेआड बसून रस्ता पाहत होते. मग एक दिवस एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीने काहीही न बोलता माझ्याकडे बोट दाखवले. बाई म्हणाली, "हीच ना? बघ हं, घरी गेल्यावर तोंड वाकडं करायचं नाही." मुलीने मान हलवली, आणि मी त्या घरची झाले.

आई मुलीला खारू म्हणत असे, कारण ती खारीसारखी काहीबाही साठवायची. बाहेरच्या लोकांशी मात्र ती फारशी बोलत नसे. बोलताना तिचा शब्द अडकायचा. 'क' तर हटकून अडकायचा. मग ऐकणारे घाईने तिचे वाक्य पुरे करायचे आणि खारू पायांकडे पाहत राहायची. आईचे काम आगळेच होते. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्य ठसे पाठवत, आणि आई मेण, प्लास्टर आणि गुलाबी भुकटी घेऊन त्यांतून माणसांचे दात उभे करायची. तिच्या हातांना त्या भुकटीच्या द्रावाचा उग्र वास कायम असे. मला तो आवडायचा.

मायलेकी दोघी एका मालिकेच्या वेड्या होत्या. अंतराळयानाची ती मालिका आईने लहानपणी पाहिली होती, आणि आता खारू पाहत होती. त्यातले कॅप्टन वाट चुकलेल्या यानांना संदेश पाठवत, "दिवे मालवू नका, आम्ही येत आहोत." या सहा शब्दांवर म्हणे दोन पिढ्या पोसल्या होत्या. खारू ते शब्द उशीत तोंड खुपसून म्हणायची. उशीपुढे ती कधीच अडखळत नसे.

एके दिवशी बातमी आली की मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा भरणार आहे आणि कॅप्टन स्वतः येणार आहेत. मेळाव्याची जागा आईच्या कामाच्या इमारतीसमोरच, रस्ता ओलांडला की होती. खारूने आठ दिवस आरशापुढे तयारी केली. एकच वाक्य होते. 'कॅप्टन, मला तुमची सही द्याल का?' पण पहिलाच शब्द 'क'चा! आई म्हणाली, "नाहीतर नुसतं 'सर' म्हण." खारूने ठाम नकार दिला. कॅप्टनांना कोणी सर म्हणते का?

मित्रांनो, तो मेळावा पाहून माझी पाने थरारली. आदल्या आठवड्यात तिथे नळांचे आणि फरशांचे प्रदर्शन होते म्हणे, पण त्या दिवशी त्या प्रचंड दालनात जणू आकाश उतरले होते. छताला ग्रह लटकत होते. चंदेरी कपड्यांतली आजीबाई चंदेरी कपड्यांतल्या नातवाच्या तोंडात पोळीचा घास कोंबत होती. यानाच्या दारांचा 'सूंऽऽ' असा आवाज काढणारे गृहस्थ एका टेबलाशी बसले होते. त्यांनी माझ्या पहिल्या पानावर सही केली आणि खारूसाठी तोंडाने दार उघडून दाखवले. यानातल्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या पानावर सही केली. त्यांच्या बांगडीचा थंडगार स्पर्श माझ्या कागदाला झाला, आणि मला वाटले, आता मी साधी वही उरले नाही.

कॅप्टनांच्या टेबलापुढची रांग दालनाला वळसा घालून गेली होती. दोन तास उभे राहिल्यावर आमच्यापुढे फक्त तिघे उरले. खारूने मला छातीशी इतके घट्ट धरले होते की तिच्या काळजाचे ठोके माझ्या पुठ्ठ्यावर वाजत होते. आणि तिथून मी त्यांना पाहिले. केस पांढरे झाले होते, पण ते हसले आणि सारी रांग उजळली. हो, तेच हसू.

आमच्यापुढच्या माणसाने त्यांना यानाच्या आकाराचे घरी भाजलेले बिस्कीट दिले. "एक घास तरी खाच," तो म्हणाला. कॅप्टनांनी मन राखण्यासाठी घास घेतला. कट्! एवढासा आवाज झाला. कॅप्टनांनी तोंडावर हात ठेवला, मान खाली घातली आणि उठून मागच्या पडद्याआड गेले.

रांगेत कुजबुज सुरू झाली. व्यवस्था पाहणाऱ्या बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "पंधरा मिनिटं थांबा हं सगळ्यांनी." पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाच वाजता कॅप्टन मंचावर येणार होते. हजार माणसे ते सहा शब्द ऐकायला आली होती आणि चार वाजून गेले होते.

आई माझ्या अगदी जवळ होती, म्हणून मी तिचे पुटपुटणे ऐकले. "वरची आहे. मधोमध गेली."

ती रांग सोडून व्यवस्थापक बाईंकडे गेली आणि त्यांच्या कानाशी लागली. "मी कवळ्या बनवते. समोरच्याच इमारतीत. बघू द्या मला."

असे आम्ही पडद्याआड गेलो. जगाला दिवे मालवू नका म्हणणारे कॅप्टन तिथे एका लोखंडी खुर्चीवर रुमालाने तोंड झाकून बसले होते. आईने हात पुढे केला. क्षणभर ते तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी रुमालाची पुरचुंडी तिच्या हातात ठेवली. आईने ती उलगडली. जे हसू पाहत ती लहानाची मोठी झाली होती, ते दोन तुकड्यांत तिच्या तळहातावर होते. मग तिने तुकडे उजेडात धरून तपासले आणि म्हणाली, "तुकडा कुठे सांडलेला नाही, हे बरं झालं. पाऊण तास द्या मला. खारू, तू इथेच थांब." आणि ती पळत सुटली.

व्यवस्थापक बाई घड्याळ पाहत दाराशी उभ्या राहिल्या. आत उरलो कॅप्टन, खारू आणि मी. कॅप्टनांनी काही बोलायला तोंड उघडले, पण शब्दांऐवजी नुसती वाफ आली. त्यांनी हात पुढे केला. खारूने मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी खिशातले शाईचे पेन काढले, माझे तिसरे पान उघडले, आणि लिहिले.

'घाबरू नकोस. मी चावत नाही. आज तर अजिबातच नाही.'

खारू खुदकन हसली. धीर धरून तिने आठ दिवसांचे वाक्य काढले. "क... क... क..."

"कॅप्टन! कॅप्टन म्हणायचंय तिला," दारातून व्यवस्थापक बाई म्हणाल्या.

कॅप्टनांनी हात वर करून त्यांना थांबवले. माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'तिला वेळ आहे. मलाही आहे,' आणि ते पान बाईंना दाखवले. बाई ओशाळल्या. खारूने मग आपले बॉलपेन काढले.

'मी अडखळते.'

'कळलं. आज मीही.'

मित्रांनो, सही म्हणजे दोन क्षणांचे काम. पेन टेकले न टेकले, की झाले. पण त्या दिवशी एक थोर माणूस पानामागून पान माझ्याशी थांबला होता! त्यांच्या निबेचा दाब मला अजून जाणवतो. खारूने विचारले, 'यानातले दिवे खरे होते का?' त्यांनी लिहिले, 'पुठ्ठ्याचे होते. मी मात्र ते विझू नयेत म्हणून जपून चालायचो.' मग त्यांनी विचारले, 'आईला जमेल ना?' खारूने लिहिले, 'हो', आणि खाली दोन रेघा ओढल्या. 'किती कवळ्या केल्या असतील तिने?' 'ती मोजत नाही. लोक जेवायला लागले का, तेवढं बघते.'

हिरव्या पानावर खारूने विचारले, 'एवढ्या लोकांसमोर बोलताना तुम्हाला भीती नाही वाटत?'

त्यांनी लिहिले, 'दर वेळी वाटते. तिला मी पहिल्या रांगेत बसवतो. डोळ्यांसमोर असली म्हणजे मागून येऊन दचकवत नाही.'

पाचला दहा मिनिटे असताना आई आली. घामाघूम, ओढणीला प्लास्टर लागलेले. जोडलेली कवळी तिने पाण्यातून काढून दिली. कॅप्टनांनी बसवली. आईने वाकून पाहिले, "जीभ फिरवा. टोचतंय कुठे? आता दात मिटा," असे म्हणत उजवीकडून कानशीने जरासे घासले. तिचा हात दगडासारखा स्थिर होता.

"दिवे," कॅप्टन हळूच म्हणाले. मग जरा मोठ्याने, "दिवे." आणि ते हसले.

तेव्हा कुठे आई खाली बसली. तिने ओढणीने घाम पुसला.

आम्ही मंचाच्या बाजूला, पडद्याच्या सावलीत उभे राहून पाहिले. कॅप्टन उजेडात गेले. हजार माणसे उभी राहिली. ते बोलले, हसले, लोकांना हसवले, आणि शेवटी ते सहा शब्द आले. एकेक शब्द त्यांनी असा सावकाश, असा जपून ठेवला, की दालनात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आईला माहीत होते की ते जोडाला जपत आहेत. पण तीसुद्धा रडत होती.

नंतर माणसांच्या गराड्यातून कॅप्टन दाराकडे निघाले. त्यांचे शाईचे पेन माझ्या पानांतच राहिले होते. खारू पुढे झाली. "क... क..." गराडा पुढे सरकत होता. कॅप्टन थांबले, म्हणून सगळे थांबले. कोणी घड्याळ पाहिले, कोणी खाकरले. कॅप्टन नुसते तिच्याकडे पाहत उभे होते, जणू त्यांना जगात दुसरे कुठे जायचेच नव्हते.

"कॅप्टन, तुमचं पेन."

"ठेव तुला," ते म्हणाले, आणि गेले.

घरी आल्यावर दोघींच्या लक्षात आले. सही राहिली! सहा पाने अक्षर, पण खाली नाव नाही. शेजारच्या काकांनी मला उलटसुलट पाहून निकाल दिला, "हे कोणीही लिहिलेलं असेल." खारू चिडली. आई शांतपणे म्हणाली, "असू दे. गिऱ्हाइकाचं तोंड आपण चारचौघांत उघडायचं नसतं." त्यानंतर दोघींनी ती गोष्ट कोणालाही सांगितली नाही.

पुढे माझे दिवस फिरले. खारू मोठी झाली, शाळेत भूमिती शिकवू लागली. अजूनही तिचा शब्द अधूनमधून अडतो. अडला की ती फळ्यावर एक रेघ ओढते आणि मग पुढे बोलते. घर बदलताना मी एका खोक्यात गेले आणि खोके माळ्यावर गेले. वरच्या नळाची गळती सुरू झाली, ती कोणाला कळली नाही. अंधारात वर्षानुवर्षे मी ओल पीत राहिले. पानाला पान चिकटले. एक कोपरा कसरीने खाल्ला. मी रागावले नाही, मित्रांनो. फक्त कॅप्टनांची शाई पसरताना जाणवे, तेव्हा फार जीव तुटायचा.

मग काय झाले ते मला नंतर कळले. कॅप्टन गेल्याची बातमी आली. त्यांची शेवटची मुलाखत त्या दिवशी पुन्हा दाखवली. म्हातारी झालेली आई आणि खारू ती पाहत होत्या. कॅप्टन खो-खो हसत सांगत होते, "एका मेळाव्यात ऐन वेळी माझी कवळी तुटली हो! एका बाईंनी जोडून दिली म्हणून अब्रू वाचली. त्यांची मुलगी होती बरोबर. तिच्या वहीत मी इतकं लिहिलं, पण काय लिहिलं ते आता आठवत नाही."

आई खारूकडे वळली. "वही कुठे आहे गं?"

खारू शिडी लावून माळ्यावर चढली. मला हातात घेतले तेव्हा मी विटेसारखी जड झाले होते. तिने मला ग्रंथालयात जुनी पुस्तके दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे नेले. त्या बाईंनी मला वाफेवर धरले, टिपकागदात ठेवले, आणि बोथट सुरीने एकेक पान सोडवले. तीन आठवडे लागले. पाच पाने बचावली. हिरव्या पानावर मात्र खारूचा बॉलपेनचा प्रश्न तेवढा शाबूत होता. खाली कॅप्टनांच्या उत्तराच्या जागी निळसर ढग उरला होता.

आईने पाने वाचली. प्रत्येक पानावर हसली. तेव्हा ती कामात होती, आणि नंतर खारूची खासगी गोष्ट म्हणून तिने ती वाचलीच नव्हती. हिरव्या पानाशी ती थांबली. "इथे काय होतं?"

खारूने त्या ढगावरून बोट फिरवले. मग कॅप्टनांच्या त्याच शाईच्या पेनाने तिने ढगाखाली लिहिले, 'दर वेळी वाटते. तिला मी पहिल्या रांगेत बसवतो, म्हणजे तिलाही सगळं नीट ऐकू येतं.'

कॅप्टनांनी असे लिहिले नव्हते. ते शब्द मला पाठ आहेत. पण आईने ते मोठ्याने वाचले, पुन्हा वाचले, आणि खारूचा हात हातात घेतला. त्या पानावर आता तेच उत्तर आहे, आणि मला ते पुसायचे नाही.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. तुमच्या घरात माळ्यावर किंवा पलंगाखाली एखादे खोके असेल, तर या सुट्टीत ते खाली काढा. वह्या सावलीत वाळवा, कडक उन्हात नको. पाने चिकटली असतील तर ओढू नका, जाणत्या माणसाला दाखवा. आणि त्यांत कोणाचे अक्षर सापडले तर ते घरातल्या थोरांना वाचून दाखवा. कदाचित खारूच्या आईसारखे तेही 'यात काय लिहिलंय' हे बरीच वर्षे विचारायचे राहून गेले असतील.