वरून खाली वाचलेली वही

ग्रंथालयात वीस वर्षं काढली की कागदावरचं काहीही आपल्याला वाचता येतं, असं माणसाला वाटू लागतं. उमालाही वाटत होतं. म्हणून वडील गेल्यावर त्यांची गणिताची वही छापायचं तिनं अंगावर घेतलं. तिचं स्वतःचं गणित असं, की दहावीला मिळालेले छत्तीस गुणही निम्मे अक्षर पाहून दिलेत, असं वडील, वैजनाथराव, म्हणत.

वहीत एकशे बारा संकलनं, म्हणजे इंटिग्रेशनची गणितं होती, खेड्यांतून शिकायला आलेल्या पोरांसाठी मराठीत सोडवून दाखवलेली. गुलमंडीच्या छापखान्यात मजकूर जुळवून तयार होता. पण संकलनाचं ते उंच, वळणदार, खाली-वर सीमांचे आकडे असलेलं चिन्ह त्यांच्या खिळ्यांत नव्हतं, म्हणून सूत्रांच्या जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. उद्या सूत्रं चिकटवून छपाई सुरू व्हायची होती. पुस्तक वर्षश्राद्धाला हवं होतं.

सूत्रं संगणकावर करायची युक्ती सूर्यभानची. पिशोरच्या मेंढपाळाचा हा मुलगा उमाच्या वडिलांचा विद्यार्थी, आता वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर. लॅटेक नावाच्या भाषेत खुणा टाइप केल्या की यंत्र त्यांचं सुबक सूत्र करतं, हे त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: आधी चिन्ह, मग पहिली सीमा, मग दुसरी. उमानं दर रविवारी कारखान्यात बसून खुणा टाइप केल्या.

विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा होऊन चार दिवस झाले होते. शहर अजून दबकून होतं. दुसऱ्या पाळीला कुणी आलंच नाही, त्यामुळं कारखान्याचा लेझर प्रिंटर आज दोघांच्या ताब्यात होता. पहिलाच कागद बाहेर आला आणि सूर्यभाननं डोकं धरलं.

“ताई, एक खाली अन् शून्य वर?”

“वहीत एक वर आहे. मी वरून वाचत गेले.”

“पुस्तक वरून वाचतेत, ताई. संकलन खालून वर चढतं. सरांची सगळी उत्तरं उणे केली की तुम्ही!”

म्हणजे दोन महिने ती मोठ्या भक्तिभावानं वडिलांना उलटं टांगत होती.

सूर्यभाननं एक आज्ञा लिहून सगळ्या सीमांची अदलाबदल केली. नवे कागद निघाले. तो एकेक तपासत गेला आणि एका पानावर अडला.

“हे बघा. शून्य ते तीन, एक्सचा वर्ग, उत्तर उणे नऊ. वर्गाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ उणे व्हईल का?”

उमाला ते पान आठवलं. वहीत तिथं वर शून्य होतं, खाली तीन. बाकी सगळीकडं मोठा आकडा वर. बाबांची नजर शेवटी अधू झाली होती, असा कनवाळू विचार करून तिनं ते सरळ केलं होतं. त्या दिवशी तिला फार बरं वाटलं होतं.

“वहीतच तसं असेल,” ती म्हणाली.

सूर्यभाननं कागद पुन्हा वाचला. “सर चुकतील? नाय वाटत. पण डोळे लई गेले व्हते त्यांचे.” त्याचा आवाज उतरला. “उत्तर नऊ करू. खाली बारीक टीप टाकू, लेखकाची नजरचूक म्हणून.”

पाचशे प्रती. प्रत्येकीत ती टीप, आणि खरं काय ते एकट्या उमाला ठाऊक.

“थांबा,” ती म्हणाली. “ते चुकले नाहीत. मी त्यांना सुधारलं.”

तिनं पिशवीतून वही काढून त्याच्यापुढं ठेवली. सूत्राखाली वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘सीमा मुद्दाम उलट घेतल्या आहेत. उत्तराचं चिन्ह बदलतं ते पाहा.’ शब्द छापखान्याचे, आपलं काम फक्त सूत्रांचं, म्हणून जन्मभर शब्दच वाचत आलेल्या उमानं तेवढे शब्द वाचले नव्हते.

सूर्यभान टेबल धरून हसला. “आमच्या अख्ख्या वर्गाची छाती झाली नाय ताई, सरांना दुरुस्त करायची!”

उमालाही हसू आलं. मग चष्मा काढून पुसावा लागला, आणि तो तिनं जरा जास्तच वेळ पुसला. सूर्यभान तेवढा वेळ प्रिंटरमधले कागद सारखे करत राहिला.

“एकच राहिलं,” तो खुर्ची सोडत म्हणाला. “तुम्हीच करा. खाली तीन.”

“माहीत आहे मला,” उमा बसत म्हणाली. बोट कीबोर्डवर ठेवलं, उचललं. “आणि वर शून्य ना?”