हिरव्याखालचा निळा

मी ट्रॅक्टर बोलतोय. वय वर्षं बेचाळीस. माझ्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेल्यांना भंगारवाल्यांनी कधीच वितळवलं असेल. मी उरलो, कारण माझ्या मालकांनी मला विकलं नाही. लोक म्हणायचे, केवढी माया! ती माया नव्हती. ती भीती होती.

कारखान्यात मला निळा रंग मिळाला होता, स्टोव्हच्या ज्योतीसारखा. घरी आलो त्या दिवशी मालकांच्या सोळा वर्षांच्या मुलानं माझं बॉनेट स्वतःच्या बाहीनं पुसलं. "अरे, शर्ट आहे की फडकं?" आई ओरडली. तो नुसता हसला.

पुढची चार वर्षं तोच मला चालवायचा. घाई त्याच्या अंगातच नव्हती. सगळ्यांची ताटं विसळून व्हायची तरी ह्याचं जेवण चालूच. आई त्याला 'गोगलगाय' म्हणायची. मला सुरू करण्याआधी तो तेल बघायचा, पाणी बघायचा, चारही चाकांभोवती एक फेरी मारायचा. असा माणूस पाठीवर असला की यंत्रालाही निर्धास्त वाटतं.

तो वीस वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. बांधाजवळ एका वठलेल्या झाडाचा बुंधा उपटायचा होता. ओढायची साखळी माझ्या मागच्या खालच्या हुकाला अडकवायची असते. त्या दिवशी हुकाची पिन सापडेना. मालक वैतागले आणि त्यांनी साखळी वर, सीटखालच्या कडीला अडकवली.

"बाबा, वर नको. पुढची चाकं उचलली जातील," मुलगा म्हणाला. "मी घरून पिन घेऊन येतो."

"दहा मिनिटांच्या कामाला दिवस घालवू नकोस. बस वर."

तो बसला. मालकांनी हात हलवून इशारा केला. त्यानं क्लच हळूच सोडला, नेहमीसारखा. बुंधा हलला नाही. माझी पुढची चाकं वर उठली, आभाळ समोर आलं आणि मी मागे उलटलो, त्याच्यावर. माझ्या अंगाखाली काय झालं ते मी सांगणार नाही. मला ते सगळं कळत होतं, एवढंच.

माणसं गोळा झाली. त्यांच्यासमोर मालकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "साखळी त्यानंच लावली. मी नको म्हणत होतो. घाई केली त्यानं."

काही दिवसांनी आईनं एकदाच विचारलं, "गोगलगाय आणि घाई?"

"त्या दिवशी केली," मालक म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी फाटकासाठी आणलेला हिरवा रंग काढला आणि मला ब्रशनं फासला. 'हिला तो निळा बघवत नाही,' असं शेजाऱ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. सीटखालची ती कडी वाकली होती आणि साखळीनं तिच्यात बोटभर खोल खाच पाडली होती. मालकांनी ती खाच पुट्टीनं बुजवली आणि तिथे हिरव्याचे तीन हात दिले. पुढे दर एक-दोन वर्षांनी ते डबा घेऊन यायचे आणि फक्त तेवढीच जागा रंगवून जायचे.

माझी शेड स्वयंपाकघराला लागूनच आहे. खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. मुलाचा विषय निघाला की आई म्हणायची, "बापाचं ऐकलं असतं तर आज असता." मग मालक म्हणायचे, "वाढ गं, भात वाढ."

अशी अडतीस वर्षं गेली. माझं इंजिन बसलं, टायर मातीला चिकटले, सीटच्या फोमात उंदरांनी संसार थाटला.

या वर्षी मालकांना ऐंशी पूर्ण होणार होती. त्यांची मुलगी महिनाभराची रजा काढून आली. दादा गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता तिचे स्वतःचे केस पांढरे होऊ लागलेत. बाबांना वाढदिवसाला आनंद द्यायचा, म्हणून तिनं मला नवा करायचं ठरवलं आणि पेंटरला बोलावलं. गडी बोलका होता. रंगांच्या नमुन्यांचं शेडकार्ड तिच्या हातात देत म्हणाला, "ताई, रंग नीट निवडा. रंग म्हणजे जावई. एकदा घरात आला की खरवडून काढणं अवघड."

तिला हिरवाच हवा होता, तिच्या आठवणीतला. पेंटरनं बॉनेटवर पॉलिश पेपर घासला आणि थांबला. "खाली निळा आहे, ताई. कंपनीचा. जुन्या गाडीला तिचा मूळ रंगच शोभतो." दोघं कितीतरी वेळ उन्हात कार्ड धरून निळे जुळवत बसली. ती लहान मुलीसारखी हरखली होती. मी मात्र मागच्या बाजूकडे येणाऱ्या वायर ब्रशची वाट बघत होतो. तो यावा असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही.

तिसऱ्या दिवशी तो आला. पुट्टीची खपली गळून पडली.

"इथे साखळी कुणी लावली होती?" पेंटर म्हणाला. "इथे लावली की गाडी उलटते. शिकाऊ माणसालासुद्धा माहीत असतं हे."

मालक दारातच उभे होते. मुलगी सहज म्हणाली, "दादानं. घाईत लावली होती."

मालक खाली पायरीवर बसले.

"मी लावली," ते म्हणाले. "तो नको म्हणत होता."

पेंटरनं ब्रश खाली ठेवला आणि गुपचूप बाहेर निघून गेला. मुलगी म्हणाली, "बाबा, मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरले. माझ्या दादानं घाई केली म्हणून."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई ओल्या हातांनीच बाहेर आली. ती रडली नाही.

"अडतीस वर्षं मी त्याच्या फोटोशी भांडले," ती म्हणाली. "एवढी कसली रे घाई होती, म्हणून."

"खरं सांगितलं असतं तर तू मला सोडून गेली असतीस."

"गेले असते," आई म्हणाली.

दोन दिवस कुणी शेडकडे फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी पेंटरनं चाचरत विचारलं, "काम थांबवू का?" आई म्हणाली, "थांबवू नकोस. रंग ह्यांना विचार. झाकला त्यांनीच होता."

शेडकार्डावर चार निळे होते. ताईला आणि पेंटरला त्यातला नेमका कोणता ते ठरवता आलं नव्हतं. मालकांच्या डोळ्यांवर चष्मासुद्धा नव्हता. त्यांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि कार्ड परत दिलं. पेंटरनं तो खरवडलेल्या पत्र्याला लावून बघितला. केसाचाही फरक नव्हता.

स्प्रे मारण्याआधी तो खाच भरायला पुट्टी मळत होता. आईनं त्याचा हात धरला. "ती राहू दे."

ऐंशीवा वाढदिवस आला तसा गेला. मुलगी आईला आपल्याकडे घेऊन गेली, थोड्या दिवसांसाठी म्हणून. त्याला आता तीन महिने झाले. मालक सकाळी येतात, माझ्यासमोर स्टूल टाकतात, दुपारपर्यंत बसतात आणि उठून स्वतःचा भात स्वतः टाकतात. मला कुणी सुरू करत नाही.

रस्त्यानं जाणारे थांबतात, वा, काय चकाकतोय, म्हणतात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे: पुढूनच बघून जाऊ नका, एकदा मागे या. आणि तुमच्या घरात कुणी स्वतःची चूक एखाद्या गेलेल्या माणसाच्या नावावर ठेवली असेल, तर ती आजच उतरवून घ्या. तो येऊन सांगू शकत नाही. आणि आम्हा लोखंडाला कुणी साक्षीला बोलवत नाही.