राहनाळच्या गोदामातला आठवा सेन्सर

चिंधू भोईरांची नोकरी वाचली. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरा, कारण तेव्हा जागृतीलाही ते ठाऊक नव्हतं आणि ती चिंधूकाकांच्या तोंडात टॉर्च मारून बघत होती.

"आ करा काका, अजून मोठा," मॅनेजर कुमार म्हणाला. "चॉकलेट दिसतंय का गं?"

"कीड दिसतेय," जागृती म्हणाली.

राहनाळच्या त्या थंड गोदामात चॉकलेटं ठेवत. तापमान मोजणारे चार सेन्सर जागृतीनेच दोन तारांच्या एकाच जोडवायरीवर बसवले होते. काका वॉचमन. त्यांच्या ड्युटीत स्क्रीनवरचा आकडा एकदा गायब झाला, आणि कुमारने ताडलं की हा माणूस सेन्सर उपटतो, दार उघडतो आणि चॉकलेट खातो. काकांवर लक्ष ठेवायला आणखी दोन सेन्सर लागले. आकडे जास्तच गायब. संशय वाढला, आणखी दोन लागले. आता स्क्रीनवर नुसत्या रेघा होत्या. म्हणजे कुमारच्या हिशेबाने काका जेवायलाही चॉकलेटच घेत होते.

"मला साखर हाय रं," काका म्हणाले.

"तोच तर शक आहे. आली कुठून?"

संध्याकाळपर्यंत आकडे दिसले नाहीत तर काकांनी उद्यापासून यायचं नाही, असं ठरलं.

जागृतीलाही काकांचाच संशय. कापलेली जागा सापडेल म्हणून तिने अख्खी वायर चाचपली. धड होती. मग मीटर लावला, आणि तिला स्वतःचाच संशय आला.

"काका, रेझिस्टर नावाचा बारका तुकडा ही वायर वर ओढून धरतो. सेन्सरला बोलायचं तर तो ती खाली ओढतो. दाराच्या स्प्रिंगसारखं. पण प्रत्येक सेन्सर आपापला रेझिस्टर घेऊन आलाय, आणि मी ते काढलेच नाहीत."

"म्हंजे एका दाराला आठ स्प्रिंगा?"

"हां."

"मंग दार उघडंल कसं?"

"नाहीच उघडणार."

"आन माज्यावर आरोप कसला हाय?"

जागृती कुमारकडे बघायला लागली. कुमार छताकडे.

जादा रेझिस्टर काढायला तिने सोल्डरिंग गन तापवली.

"सगळेच काढून टाक," कुमार म्हणाला.

"प्रत्येक वायरीला एक तरी लागतो. नाहीतर ती वर यायचीच नाही."

"एकट्यालाच ठेवायचं? भरवसा आहे त्याचा?"

जागृतीने एकाच सेन्सरचे रेझिस्टर ठेवले, बाकी सातांचे काढले. आकडे आले. आठही सेन्सरचे. कुमार म्हणाला, "काका, उद्या वेळेवर या," आणि चहा प्यायला गेला.

काकांनी जागृतीला मोबाइलवर अर्ज टाईप करायला लावला:

"महोदय, नोकरी आहे तशी ठेवल्याबद्दल आभारी आहे. तथापि, गोदामातील हमाल, ड्रायव्हर व चहावाली यांनी या काळात माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर त्यांच्याकडून जमा करून घेऊन माझ्या समक्ष नष्ट करण्यात यावी, ही नम्र विनंती."