मधल्या काकांचा स्वेटर

“राहू दे! त्याला सुई लावायची नाही. कुणीही नाही, कधीही नाही!”

मित्रांनो, दिग्दर्शकांचा हा आवाज अजून माझ्या लोकरीत अडकून बसला आहे. मी एक जुना स्वेटर आहे. रंग तपकिरी, कोपरं विरलेली, पुढे बटणांची रांग, आणि त्या रांगेत वरून तिसऱ्या जागी बटणच नाही. तुमच्या घरच्या टीव्हीवर तुम्ही मला कितीदा तरी पाहिलं असेल. खरं तर तुम्ही पाहता मधल्या काकांना. मी आपला त्यांच्या अंगावर असतो, इतकंच.

मला एका नर्सबाईंनी विणलं. आजाऱ्यांच्या उशाशी बसून, एक डोळा सलाईनवर आणि एक माझ्यावर ठेवून. टाका चुकला तर त्या निमूटपणे तेवढी ओळ उसवायच्या आणि पुन्हा विणायच्या. पण ज्या भावासाठी मी विणला गेलो, त्याला मी टोचायचो. म्हणून जुन्या कपड्यांच्या दुकानात आलो आणि तिथून नटांचे कपडे सांभाळणाऱ्या, कपडेपटाच्या ताईंच्या हाती पडलो. ताई म्हणाल्या, “कुणीतरी जीव ओतून विणलाय हा. आपल्या काकांना हाच.”

हे काका म्हणजे एका विनोदी मालिकेतलं पात्र. प्लायवूडचा जिना, वर तीन दारं. डाव्या दारात कायम धुसफुसणारं जोडपं, उजव्या दारात गाणं शिकवणाऱ्या मावशी. दोन्हीकडची भांडणं मधल्या दाराशी येऊन मिटायची, म्हणून ते मधले काका. समोर खुर्च्यांवर खरेखुरे प्रेक्षक बसायचे आणि त्यांचं हसू तिथल्या तिथे टिपलं जायचं. काकांचं काम करणाऱ्या नटाला सगळे बुवा म्हणत.

चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी दाराच्या कडीत माझं तिसरं बटण अडकलं आणि तुटून कुठे गडप झालं ते देव जाणे. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पाहिलं. मिळतंजुळतं बटण शोधून त्यांनी सुईत दोरा ओवला, तोच दिग्दर्शक ओरडले. त्यांचंही बरोबर होतं. तुम्हाला एका दमात दिसणारा प्रसंग तिथे तुकड्यातुकड्यांनी होतो. कालच्या तुकड्यात बटण नाही आणि आजच्या तुकड्यात आहे, असं झालं तर बघणारे तेवढंच बघत बसतात.

तेव्हाच्या लेखिकाबाई शांतपणे माझ्याजवळ आल्या. बटणाच्या रिकाम्या जागी बोट ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि पुढच्या भागात त्यांनी लिहिलं: मावशी म्हणतात, “अहो काका, बटण तुटलंय तुमचं. द्या इकडे, लावून देते.” काका माझ्यावर तळहात ठेवून मागे सरतात. “नको, नको. तिचं काम आहे ते. ती आली की लावेल.”

काकू कुठे गेल्या आहेत, हे जिन्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जिथून कुणी येत नाही, तिथे. प्रेक्षक आधी हसले. मग एकेका खुर्चीतलं हसू विरत गेलं. त्या दिवसापासून मधले काका घरोघरचे झाले.

आणि त्याच दिवसापासून मी संशयी झालो. काकूंची ती जागा कुणी बुजवली तर? सुई दिसली की माझे टाके आवळायचे. संशय हा वाईट सोबती, हे मला कळतं. रोज सकाळी कपडेपटाचं दार उघडलं की मी मनोमन एकच मागणं मागतो, देवा, आज कुणाविषयी वाईट मनात आणू देऊ नकोस. दुपारपर्यंत कसंबसं निभतं.

वर्षं गेली. लेखिकाबाई मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या आणि नवा लेखक आला. तरतरीत गडी, सदा पेन्सिल चावणारा. पहिल्याच दिवशी तो माझ्यासमोर उभा राहून मला खालीवर न्याहाळत होता. चोरानं खिडकीचे गज बघावेत, तसा. त्यानं ताईंना काहीतरी विचारलं, ताईंनी मान हलवली. मला काही ऐकू आलं नाही. शेजारच्या ओव्हरकोटाची बाही माझ्या कानांवर लोंबत होती. पण माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढच्याच भागात काकांनी माझी बटणं वरखाली लावली. विसराळू म्हणून. लोक हसले. त्यानंतर मावशींनी पुन्हा बटणाचा विषय काढला, तर काका म्हणाले, “नवं एक घेतलं की बाकीची जुनी दिसणार! मग तीही नवी घ्या! मग त्या बटणांपुढे स्वेटर जुना दिसणार! मला काय लुबाडायला बसलात काय?”

खुर्च्या खदखदल्या. कुणी मांडीवर थाप मारली. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. ज्या जागेवर काका हात ठेवत होते, ती जागा आता ते बोटानं ताणून दाखवत होते!

मग ते वाक्य दर भागात येऊ लागलं. काकांचा आवाज चढला. पोटावर उशी बांधली गेली, कारण चिक्कू माणूस ढेरपोट्या असला की जास्त हसू येतं म्हणे. दार हळूच उघडणारे काका आता ते लाथेनं उघडायचे. भांडणं मिटवण्याऐवजी ती लावून द्यायचे आणि मध्ये बसून शेंगदाणे खायचे. शेवटी शेवटी तर ते शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या शर्टांची बटणं चोरायला लागले.

हे कोण करत होतं, मित्रांनो? मी सगळ्यांवर नजर ठेवली. लेखकावर तर होतीच. दिग्दर्शकांवरही, ते हल्ली प्रसंग कमी बघायचे आणि खुर्च्यांकडे जास्त. बुवांनाही मी सोडलं नाही. मी त्यांच्या छातीवर असायचो ना! हसू फुटलं की त्यांचं काळीज कसं उडी मारायचं, ते मला कळायचं. पुढच्या वेळी तिथेच ते डोळे जरा जास्त वटारायचे. जुने काका कुणा एकट्यानं चोरले नव्हते. चालता-बोलता प्रत्येकानं चिमूटभर नेलं होतं.

मालिका संपणार असं ठरलं, तेव्हा माझ्या संशयातून ताईही सुटल्या नाहीत. त्यांनी माझी मापं घेतली. माझे फोटो काढले. आणि एके दिवशी माझ्या शेजारी हुबेहूब माझ्यासारखा स्वेटर येऊन लटकला. तेच तपकिरी, तीच विरलेली कोपरं, मुद्दाम घासून विरवलेली! तिसरं बटणही नाही. तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. ज्याच्या पोटात पाप नाही, तो असा गप्प का बसेल?

शेवटच्या भागाच्या तालमीला काही पाहुणे आले होते. त्यांत एक आजोबा होते, सुनेचा हात धरून आलेले. सून हौशी. “काका, काका, ते वाक्य म्हणा ना!” बुवा तयारच होते. मला ताणून त्यांनी खणखणीत सुरुवात केली, “मला काय लुबाडायला...”

सून हसून लोटपोट. आजोबा हसले नाहीत.

“आवडलं नाही का आजोबा?” बुवांनी विचारलं.

“तुम्ही छान करता हो,” आजोबा हळू आवाजात म्हणाले. “पण मला तुम्हाला नव्हतं भेटायचं. मधल्या काकांना भेटायचं होतं.”

“मग मी कोण?”

“ते तुम्हीच सांगा.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “माझी बायको गेली तेव्हा मला रडूच येईना. लोक म्हणाले, दगड आहे. मग एकदा टीव्हीवर तुम्ही म्हणालात, ती आली की लावेल. तेव्हा रडलो मी. मुलगा म्हणाला, बाबा, विनोदी मालिका बघून कोण रडतं? मला वाटलं, आपल्यासारखा आणखी एक आहे कुठेतरी. आणि आता तुम्ही त्यालाच चोर केलंत. मी बघणं सोडलं. सून ओढून घेऊन आली म्हणून आलो.”

“बाबा, अहो काय बोलताय!” सून ओशाळली. “तुम्ही मनावर नका घेऊ हं. वय झालंय त्यांचं.”

बुवांच्या काळजानं या वेळी उडी मारली नाही. ते खालीखाली जात राहिलं. मग ते म्हणाले, “आजोबा, शेवटच्या भागाला या. पुढच्या रांगेत बसा. ते येतील. तुमचे मधले काका. मी आणतो त्यांना.”

माझा विश्वास बसला नाही, हे सांगायला नकोच. नटाचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ.

पण बुवा तडक लेखकाकडे गेले. शेवटच्या भागात शेजारी काकांना पकडतात, ओढाताणीत स्वेटर टराटरा फाटतो आणि आतून चोरलेली बटणं घरंगळतात, असं लिहिलेलं होतं. बुवा म्हणाले, “हे नाही करायचं. काकूंचं काय?”

“कुठल्या काकू?” लेखकानं पेन्सिल तोंडातून काढली.

“बटणाच्या! ती आली की लावेल, म्हणणारे काका ते. विसरलास?”

“विसरायला आधी माहीत तर पाहिजे!” लेखक उभाच राहिला. “आलो तेव्हा मला म्हणाले, जुने भाग बघत बसू नकोस, नवं काहीतरी आण. ताई, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना, या स्वेटरला बटण का नाही?”

ताई मला बुवांच्या अंगावरून उतरवून माझ्या बाह्या चाचपत होत्या. “विचारलंत. मी म्हटलं, सुई लावायची नाही, वरून हुकूम आहे.”

“बस, एवढंच! मग मी काय समजणार? बटण नाही आणि नवं लावूही देत नाही, म्हणजे माणूस कंजूषच!”

ताईंनी हुकूम इतका कडक पाळला होता की एवढ्या वर्षांत माझ्याजवळ सुई फिरकली नव्हती. पण हुकूम राहिला आणि त्यामागच्या काकू मात्र निघून गेल्या. कुणी काढून टाकलं नाही त्यांना. त्यांची गोष्ट कुणी पुढच्याला सांगितली नाही, इतकंच.

“आणि हा दुसरा स्वेटर?” बुवांनी विचारलं.

“फाडायला.” ताईंनी मला छातीशी धरलं. “याला मी फाडू देईन होय? जीव ओतून विणलाय कुणीतरी.”

मित्रांनो, त्या क्षणी माझी लोकर शरमेनं गरम झाली. शेजारचा तो मुका बिचारा माझ्याऐवजी फाटायला आला होता आणि मी त्यालाच तोतया समजत होतो.

दिग्दर्शक मात्र खमके. “शेवटच्या दिवशी लोकांना रडवता? लोक हसायला येतात, बुवा.”

“आधी हसतील. काका पकडले जातात तिथपर्यंत सगळं तसंच ठेवा. मला धरलं की मी काय म्हणायचं, तेवढं माझ्यावर सोडा.”

“बघू,” दिग्दर्शक म्हणाले.

या ‘बघू’वर माझा काडीचा विश्वास नव्हता. मोठ्या माणसांचा ‘बघू’ म्हणजे अर्धा ‘नाही’च असतो.

आज तो शेवटचा दिवस. खरं सांगू का, आत्ता मी मधल्या दाराच्या मागे उभा आहे, बुवांच्या अंगावर. मघाशी ताईंनी फाडायचा स्वेटर पुढे केला, तर बुवा म्हणाले, “तो नको. हाच द्या.” आणि माझा संशय पुन्हा जागा झाला. फाडायच्या प्रसंगात हे मलाच का मागताहेत? दिग्दर्शकांशी संगनमत तर नाही? ताईंनीही त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग बुवांनी पोटावरची उशी सोडून खुर्चीवर ठेवली. तिच्याशिवाय मी त्यांच्या अंगावर ढगळ लोंबतो आहे. माझ्या आतला माणूस केव्हा म्हातारा झाला, मला कळलंच नव्हतं.

लेखक लगबगीनं आला आणि कानाशी पुटपुटला, “डावी-उजवीकडच्यांना सांगितलंय, नुसतं धरायचं, फाडायचं नाही. दिग्दर्शक थांबवायला लागले तर मी बघतो. तुम्ही जा.” ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय होता, तोच हा.

दार उघडायला थोडाच वेळ आहे, म्हणून घाईघाईनं एवढं मागतो, मित्रांनो. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू ‘तशीच’ ठेवलेली असेल, एखादा नेम ‘तसाच’ पाळला जात असेल, तर तो का, हे एकदा घरातल्या मोठ्यांना विचारा. ठाऊक झालं की तुमच्या मागून येणाऱ्याला सांगा. नुसतं जपून भागत नाही. मला बघा, मी धड राहिलो, पण ज्यांच्यासाठी धड राहायचं ते काका माझ्या आतल्या आत हरवले.

बाहेर शेजारी ओरडताहेत, “चोर! बटणचोर! बाहेर या!” खुर्च्या हसताहेत. आजोबा आलेत का, ते दारामागून दिसत नाही. हे हसू ऐकून बुवांचं काळीज पुन्हा उडी मारेल, या धाकानं मी कान लावून आहे.

ते संथ चाललं आहे.

लाथ मारायला बुवांचा पाय उचलला जात नाही. ते कडीला हात घालतात, आवाज होणार नाही अशा बेतानं ती सरकवतात, आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून उघडावं तसं दार उघडून बाहेर पाऊल टाकतात.