यामिनाच्या दोन घरांचा कागद

मी एक जुना ऊद आहे. धुपाबरोबर जाळतात तो नव्हे, मित्रांनो. फुगीर पोटाचा, तारा छेडून वाजवायचा. स्फाक्स शहरात एका कारागिराने अक्रोडाच्या पट्ट्या वाकवून मला घडवले. राजियाच्या वडिलांनी चाळीस वर्षे मला लग्नसमारंभांत वाजवले. ते गेल्यावर मी कपाटावर पडून राहिलो. मग राजियाच्या नऊ वर्षांच्या लेकीने, यामिनाने, मला खाली उतरवले.

त्याच वर्षी राजिया आणि तिचा नवरा अनीस वेगळे झाले. लेक कधी कोणाकडे राहील, हे दोघांनी मिळून लिहून आणावे, असे कोर्टाने सांगितले. वकीलबाई आमच्याच घरी कागद घेऊन बसल्या.

"गुरुवार ते शनिवार माझ्याकडे," अनीस म्हणाला.

"आणि रियाज? माझ्या बाबांचा ऊद तुझ्या खटाऱ्यातून जाणार नाही."

"म्हणजे ऊदच्या आडून पोरीला अडवणार तू."

मी मनातून सुखावलो. पण पुढच्या बैठकीत अनीसने सांगितले, "नवा ऊद घेतलाय मी." गुरुवार कागदावर लिहिला गेला.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखू लागले. शनिवारी यामिना परतली की राजिया विचारी, "कोणता चांगला गं, तिकडचा की आपला?"

"आपलाच. तिकडचा पत्र्यासारखा वाजतो."

मी फुशारून जाई. राजियाही.

एकदा यामिनाला संगीत शिकवणाऱ्या बाईंनी राजियाला आपल्या फोनवर यामिनाचे वादन ऐकवले. अनीसने ते आपल्या घरी रेकॉर्ड करून बाईंना पाठवले होते. नव्या ऊदचा सूर भरदार होता. मध्येच यामिना खळखळून हसत होती.

राजियाने ते पुन्हा एकदा ऐकले. मग म्हणाली, "माझं मन राखायला खोटं बोलते माझी पोर."

तिने वकीलबाईंकडून कागदात एक ओळ वाढवून घेतली: 'कोणते घर चांगले, हे यामिनाला कोणीही विचारू नये.'

अनीसने ती दोनदा वाचली. "मीही विचारत होतो," म्हणाला, आणि सही केली.

पुढे एका शनिवारी यामिना आपणहून बोलली, "आई, तिकडच्या ऊदचा आवाज याच्याहून छान आहे."

"असेल. बस, जेवून घे."

मग जेवता जेवता यामिनाने तिकडचे सगळे सांगितले: गच्चीवरचे मांजर, बाबाने करपवलेली मासळी. राजिया हसली. मी मात्र जळलो, कबूल करतो.

मित्रांनो, जुन्या वाद्यांच्या तारा गंजू देऊ नका. आणि तुमच्यापैकी कोणाला दोन घरे असतील, तर दोन्हीकडचे खरे सांगा. आमच्या पोटात थोडे दुखेल. दुखू द्या.